कबाडखान्यात जाताना पिशवीत काय असावं

माळव्यातल्या आमच्या फ्रीगंज बाजारात टॉवर चौकापासून सुरुवात करून स्पेअर पार्टची चार दुकानं पालथी घातली, की एका तरी काउंटरवर हे ऐकू येतंच : "अब ये माल नहीं आता, भैया." माझी गाडी मारुती ८००. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. ब्रेक शू, क्लच प्लेट, फिल्टर, बेअरिंग असा झिजणारा माल आजही मिळतो, कारण या गाड्या अजून चालताहेत आणि त्या मालाला गिऱ्हाईक आहे. घोडं अडतं ते सहसा न झिजणाऱ्या मालापाशी. दाराची काच मशीन, दाराचं कुलूप, वायपरची मोटर, डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण, मागच्या दिव्याची बैठक. या वस्तू एकदा तुटल्या की नव्या मिळणं मुश्कील, आणि मिळाल्या तर नकली असण्याची शक्यता जास्त. मग कबाडखान्याचा रस्ता धरावा लागतो.

अमेरिकेत यासाठी मोठमोठी आवारं असतात. दारात थोडे पैसे भरायचे, आपली हत्यारं घेऊन आत जायचं, हवा तो भाग स्वतः काढायचा आणि बाहेर पडताना ठरल्या दराने किंमत चुकती करायची. आपल्याकडे तशी बांधलेली पद्धत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जा, की आमच्या माळव्यातल्या एखाद्या गावाबाहेरच्या कबाडखान्यात. भाग काढून देणं हे तिथल्या पोरांचं काम. ही पोरं हाताने पक्की असतात, पण त्यांना दिवसभरात चार गाड्या मोकळ्या करायच्या असतात. लोखंड वजनावर विकलं जाणार असलं, की छिन्नी आणि हातोडा सगळ्यात जवळचा. तुम्हाला हवी असलेली प्लास्टिकची खुंटी त्यात मोडली, तर तो त्यांचा दोष म्हणता येत नाही. म्हणून मी मालकाला आधीच विचारतो, "मैं खुद निकाल लूँ?" भाव ठरलेला असेल, आपण त्याच्या माणसांच्या मध्ये येणार नसू आणि हातात हत्यारांची पिशवी दिसत असेल, तर सहसा होकार मिळतो. पिशवी बघूनच माणसाची पारख होते तिथे.

ही पिशवी कशी भरायची, ते मी एका फुकट गेलेल्या दिवसातून शिकलो. मागच्या दिव्यासाठी गेलो होतो. घरातली होती नव्हती ती सगळी हत्यारं पत्र्याच्या पेटीत भरून नेली होती. उचलताना खांदा भरून आला होता. दिवा आतून तीन नटांवर बसवलेला होता, सगळे दहाचे. दहाचा सॉकेट माझ्याकडे होता. पण नट लांब आट्यांच्या दांड्यावर आत खोल बसलेले, आणि माझा आखूड सॉकेट दांड्याच्या टोकाला टेकून वरच अडत होता. लांब सॉकेट हवा होता. उलटा पाना घालून पाव-पाव फेऱ्याने दोन नट सोडवले. तिसऱ्याच्या वेळी पाना निसटला आणि दिव्याला तडा गेला. चौदा-पंधरा किलो लोखंड नेऊनही शंभर ग्रॅमच्या एका सॉकेटपायी काम नासलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे आणि या लेखात सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. जो भाग आणायचा आहे, तोच भाग आधी आपल्या गाडीवरून काढून बघा. घरच्या अंगणात, सावलीत, चहा घेत घेत. खराब भाग तसाही काढायचाच आहे, तो आठवडाभर आधी काढा. शेजारी एक फडकं अंथरा आणि जे हत्यार हातात आलं ते वापरून झालं, की त्या फडक्यावर ठेवत जा. भाग हातात येईल तेव्हा त्या फडक्यावर जे जमलं असेल, ती तुमची पिशवी. कोणता स्क्रू कशामागे लपलाय, कोणती तार कुठून सोडवायची, हेही त्याच वेळी समजतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काढलेला खराब भाग नमुना म्हणून सोबत न्यायलाच हवा, कारण एकाच गाडीत वर्षागणिक बैठकीची भोकं आणि तारांची कनेक्टरं बदललेली असतात आणि आठवणीवर विसंबून आणलेला माल हमखास अर्ध्या इंचाने चुकतो.

काच मशीनचं उदाहरण घेऊ. दाराचं आतलं पॅनल काढायचं तर आधी काच फिरवण्याचं हँडल निघायला हवं. त्यावर स्क्रू दिसत नाही. बरेच जण इथेच पेचकस घालून उपटायला जातात आणि हँडल तरी मोडतात, नाही तर पॅनल फाडतात. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक बारीक तारेची क्लिप असते, तिने ते दांड्यावर धरून ठेवलेलं असतं. एक जुनं सुती फडकं हँडल आणि पॅनलच्या फटीत घाला, दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि बूट पुसल्यासारखं मागे-पुढे ओढा. धाग्यात क्लिपचं टोक अडकतं आणि 'टक्' आवाज करत ती उडते. उडून जाते कुठे, हे मात्र बघायला हवं. दुसऱ्याला तिथे हात धरायला सांगा. इतकं सुबक काम करणारं हत्यार म्हणजे बनियनचा तुकडा, आणि तो कुठल्याही पेटीत विकत मिळत नाही.

आता पान्यांचे आकडे. मारुती, होंडा, टोयोटा या जपानी घराण्यातल्या गाड्यांना १०, १२, १४ आणि १७ एवढ्यात बहुतेक काम भागतं. टाटा, महिंद्रा, जुनी फियाट पद्मिनी यांना १०, १३, १७, १९ लागतात. फरक येतो तो मानकामुळे. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी मानकात १२चं, युरोपीय मानकात १३चं. बारावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला, की डोक्याच्या कडा खातो. गंजलेल्या बोल्टवर ही चूक एकदाच करता येते. जुन्या अॅम्बेसेडरला इंची माप लागतं. बजाज चेतक मूळची वेस्पाच्या घराण्यातली, तिला ११ आणि १३ नक्की घ्या. ११चा पाना मोटारवाल्यांच्या संचात पुष्कळदा नसतोच. दहाचा सॉकेट मी दोन ठेवतो, एक आखूड, एक लांब. सगळ्यात जास्त लागतो तोच आणि गवतात हरवतोही तोच.

सॉकेट घेताना आतून बघा. इथल्या दुकानात त्याला गोटी म्हणतात, तेच मागा. आत सहा कोन असलेली गोटी नटाला सपाट बाजूवर धरते, बारा कोनांची टोकांवर. नव्या, स्वच्छ नटाला दोन्ही चालतात. दहा पावसाळे उघड्यावर काढलेल्या नटाला सहा कोनांचीच हवी. पाने क्रोम व्हॅनेडियमचे घ्या, तसं त्यांवर कोरलेलं असतं. स्वस्तातल्या पान्याचं तोंड पहिल्याच जोरात उघडतं. मी नाशिकला बनणारे टपारियाचे पाने वापरतो, तुम्हाला दुसरे आवडत असतील तर तेही चालतील; पण दहा चांगले पाने पन्नास तुकड्यांच्या चकचकीत संचापेक्षा कधीही जास्त कामाचे. रॅचेट तीन-अष्टमांश इंचाची, तिच्यासोबत तीन आणि सहा इंचांचे दोन एक्स्टेन्शन. चाक किंवा सीटचे बोल्ट काढायचे असतील तरच अर्धा इंचाची टॉमी आणि तिच्यावर बसेल असा दोन फुटी पाइप. दांडा दुप्पट लांब केला की त्याच हाताचा जोर दुप्पट लागतो. पण रॅचेटवर पाइप चढवू नका, तिचे आतले दाते तुटतात.

गंजलेल्या बोल्टशी भांडायचं नसतं, त्याला वेळ द्यायचा असतो. आवारात शिरल्यावर पहिलं काम हे, की हवी ती गाडी सापडली की सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारायचा आणि पंधरा मिनिटं दुसरीकडे फिरून यायचं. त्या वेळात मालकाशी बोलणं होतं, बाकीच्या गाड्या बघून होतात. परत आल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके, म्हणजे गंजाची पकड तडकते. मग सोडवण्याआधी किंचित आवळा. हो, आवळा. केसभर हलला तरी गंजाचा थर मोडतो, आणि नंतर तो उलटा सहज फिरतो. आणि जोर लावण्याआधी आटे उलटे नाहीत ना, याची खात्री करा. यामाहाच्या बऱ्याच मोटरसायकलींत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात आणि लोक तो सोडवायच्या नादात आवळत बसतात.

दाराच्या कुलपाचे आणि चौकटीतल्या कडीचे मोठे चौफुलीचे स्क्रू ही वेगळी डोकेदुखी. साधा पेचकस वर उसळतो आणि फुली मारून टाकतो. यासाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट पेचकस मिळतो. ठोका बसतो त्याच क्षणी तो टोक किंचित फिरवतो, त्यामुळे दाब आणि पीळ एकदम लागतात. दारांच्या कामाला जात असाल तर त्याशिवाय जाऊ नका. बाकी पिशवीत एक पक्कड, एक नोज प्लायर, एक लॉक प्लायर, मधली हातोडी, छोटी छिन्नी, हॅक्सॉचं नुसतं पातं एका टोकाला चिंध्या गुंडाळून, आणि प्लास्टिकच्या क्लिपा उचकटायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी. नव्या गाड्यांसाठी एलन की आणि सहा पाकळ्यांच्या स्क्रूची टोकं, टी २० पासून टी ३० पर्यंत.

तारा तोडू नका. कनेक्टरची जीभ दाबून तो सोडवा. ऊन खाऊन कडक झाला असेल तर त्यावर कोमट पाणी ओता किंवा चिंधी ओली करून धरा, प्लास्टिक थोडं नरम पडतं. तोडायचीच वेळ आली तर कनेक्टरला वीतभर तार ठेवून तोडा, म्हणजे घरी जोडायला जागा राहते. निघालेले नट-बोल्ट लगेच छोट्या पिशवीत टाकून कुठले ते लिहा. त्यासाठी मार्कर पेन आणि किराण्याच्या पाचसहा प्लास्टिकच्या पिशव्या.

दोन वस्तू अशा आहेत, ज्या यादीत सहसा नसतात आणि ज्यांनी माझे पैसे वाचवले आहेत. एक, लोहचुंबक. दार किंवा मडगार्ड घेताना ते रंगावरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. पडलेला नट इंजिनाच्या कपारीतून काढायलाही तेच. दुसरी, यूपीएसमधली १२ व्होल्टची छोटी बॅटरी, दोन तारा आणि मध्ये एक फ्यूज. वायपरची मोटर, हॉर्न, पंख्याची मोटर तिथल्या तिथे फिरवून बघता येते. वजन दोनेक किलो वाढतं, म्हणून विजेवर चालणारा भाग आणायचा असेल तेव्हाच ती घ्यावी. पेट्रोलची टाकी किंवा पेट्रोलचा पंप यांच्याजवळ मात्र ही चाचणी करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट पेटते.

माळव्यात जमिनीचाही विचार करावा लागतो. इथली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी भेगाळते आणि पहिल्या पावसानंतर पायातली चप्पल धरून ठेवते. अशा मातीवर जॅक लावला की गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, तिरका होतो. फूटभर लांबीरुंदीची जाड फळी सोबत असेल तरच गाडी उचला, आणि उचलल्यावर निव्वळ जॅकच्या भरवशावर अंग कधीच खाली घालू नका. घोडी लावा किंवा चाक रिमसकट आडवं सरकवून ठेवा. एकीवर एक रचलेल्या गाड्यांच्या खाली तर हातसुद्धा घालू नये. तिथला भाग कितीही हवासा असो, मालकाकडून गाडी उतरवून घ्या, नाही तर सोडून द्या. पावसाळ्यात मी जातच नाही. सीटखाली, डिकीत, टायरच्या पोकळीत साप-विंचू आसरा घेतात. बाकीच्या दिवसांतही हात घालण्याआधी पत्र्यावर काठीने दोनदा वाजवतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी अकरापर्यंत काम उरकतं ते बरं, त्यानंतर पत्रा चटके देतो.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पायात जाड तळाचे बूट, हातात कापडी आतून आणि रबरी बाहेरून असे मोजे. डोळ्यांना चष्मा हवाच. गाडीखाली झोपून ठोका मारला की गंजाची पूड सरळ डोळ्यांत येते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून निघा. पाण्याची बाटली दोन लिटरची, त्यातली अर्धी हात धुवायला आणि वेळ पडल्यास जखम धुवायला. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने टिपून घ्या. एसीचे पाइप तोडू नका, आत दाबाखालचा गॅस असतो. एअरबॅगच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. स्प्रिंग आवळलेला शॉकअप खोलायचा नाही. आणि आवारात एखादी अनोळखी जड पेटी किंवा धातूचा ठोकळा दिसला तर कुतूहलाने उघडायचा नाही. २०१० मध्ये मायापुरीत एका भंगारवाल्याने लिलावातून आलेलं उपकरण खोललं आणि त्यातल्या कोबाल्टच्या किरणोत्सर्गाने अनेक जण भाजले, एकाचा जीव गेला.

जुनं घेऊच नये असंही काही आहे. ब्रेकचे रबरी पाइप, ब्रेक शू, सीट बेल्ट, एअरबॅग, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट. जुने टायर घ्यायचेच असतील तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ मधला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी इतका जुना टायर गाडीला लावू नये.

वही आणि पेन पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, कारण पावती करून घ्यायची असते. पावतीवर भागाचं नाव, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या. मालक छापील बिल देत नसेल तर आपल्या वहीच्या पानावर त्याची सही घ्या. इंजिन किंवा गिअरबॉक्ससारखा नंबर असलेला भाग असेल तर गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी मोडीत निघाली की तिच्या मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवावं असं मोटार वाहन कायद्यातच आहे, तेव्हा तो कागद मागण्यात संकोच नको. चोरीचा माल हे माहीत असूनही, किंवा तसं वाटायला कारण असतानाही घेणं हा गुन्हा आहे. मेरठचा सोतीगंज बाजार अख्ख्या उत्तर भारतात जुन्या पार्टसाठी प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तिथे कापल्या जातात म्हणून पोलिसांनी २०२१च्या डिसेंबरात तो बंद पाडला. प्रामाणिक कबाडवाला पावतीला नाही म्हणत नाही, आणि ज्याने दिली त्याच्याकडे मी पुन्हा जातो.

निघण्याआधी हत्यारं मोजा. माझ्या पिशवीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर आकडा लिहिलेला असतो : आज एकवीस. एकवीस भरल्याशिवाय जागेवरून हलत नाही. एकदा वीसच भरले, आणि दहाची गोटी एका मारुतीच्या वायपरखाली सापडली. घरी आल्यावर पाने रॉकेलच्या फडक्याने पुसून, सुकवून मगच पिशवीत. हात लाकडाचा भुसा आणि कपड्याच्या साबणाने.

आणि पैसे चुकते करताना मालकाला आणखी एक गोष्ट मागा. ज्या गाडीचा भाग काढला, तिच्याच पॅनलच्या क्लिपा, रबरी बुचं, बारीक स्क्रू, हँडलमागच्या त्या तारेच्या क्लिपा. वजनात त्यांना किंमत नाही, दहा-वीस रुपयांत मूठभर मिळतात, कधी नुसत्याच. माझ्याकडे मुरांब्याच्या एका बरणीत त्या साठवलेल्या आहेत. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या तीन मारुतींची दारं त्याच बरणीतून बंद झाली.